माझ्या पोटातला दगड

मी एक जुना गीझर आहे. पंचवीस लिटरची टाकी, वर पांढऱ्या पत्र्याचे कवच, खालच्या कडेला गंजाचे दोन डाग आणि डाव्या कुशीत एक पोचा. गेली सोळा वर्षे मी एकाच भिंतीवर टांगलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो, हे मला ठाऊक आहे. माझा येणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा होता, आणि खोटा आहे हे मी सगळ्या घरासमोर पोट उघडून दाखवले. म्हणून ही हकिकत मी मान वर करून सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोलादी पत्रा वाकवून माझी टाकी केली, आतून काचेसारखा लेप चढवला आणि मला भट्टीत भाजले. भट्टीबाहेर एक तपासनीस बाई उभी असे. ती प्रत्येक टाकीवर टिचकी मारून कान लावायची. माझ्यावर तिने दोनदा टिचकी मारली आणि म्हणाली, "हा खणखणीत आहे." ते माझे पहिले कौतुक.

मग माझ्या पोटात पाणी तापवणारी कॉइल बसवली. पाणी किती तापले यावर नजर ठेवायला थर्मोस्टॅट दिला. आणि मॅग्नेशियमची एक करडी सळई आत सोडली. ही सळई दिसायला आळशी, नुसती उभी असते. पण पाणी पोलादाला खायला निघाले की ती पुढे होते आणि टाकीऐवजी स्वतः झिजते. बाहेर, पाण्याच्या नळीवर, एक बोटाएवढा सुरक्षा व्हॉल्व्ह लावला. आतला दाब वाढलाच तर त्याने उघडायचे आणि पाणी बाहेर सोडायचे. एवढी शिदोरी घेऊन मी जगात आलो.

मी ज्या घरात आलो ते तळमजल्यावरचे घर. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खोली. त्या खोलीत घरची बाई केस कापायची, धुवायची, रंगवायची. तिला सगळी वसाहत ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. दोन आरसे, तीन फिरत्या खुर्च्या, केस धुवायला मान मागे टेकवायचे एक बेसिन आणि बेसिनच्या वर मी. ताईचा नवरा बस चालवायचा. मी आलो त्या दिवशी त्यानेच मला खांद्यावरून आणले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. कुशीतला पोचा त्याचाच.

पहिली आठ वर्षे माझी फार सुखाची गेली. तेव्हा घरात धरणाचे पाणी यायचे, मऊ आणि निवळ. मी दहा मिनिटांत तापायचो. ताईच्या हातावर शाम्पूचा एक थेंब पडला की बेसिनभर फेस व्हायचा. तिची बोटे अशी चालायची की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घेऊ लागे. शेजारच्या शाळेतल्या बाई तर दर पंधरा दिवसांनी यायच्या, आणि केस धुऊन झाले तरी उठायच्या नाहीत. "आणखी एक तांब्या घाल गं," म्हणायच्या, "तुझं पाणी फार छान लागतं." तुझं पाणी म्हणजे माझे पाणी. मला ते कळायचे आणि मी मनातल्या मनात आणखी तापायचो.

नववे वर्ष उजाडले. वसाहतीत दोन नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि धरणाचे पाणी पुरेना. वसाहतीच्या सेक्रेटरींनी मागच्या मोकळ्या जागेत बोअर मारली. पाणी लागले. दिसायला काचेसारखे, प्यायला थंडगार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वसाहतीच्या मोठ्या टाकीच्या पाइपात ते पाणी सोडले गेले आणि तिथून माझ्या पोटात आले.

मित्रांनो, ते पाणी जमिनीखाली चुनखडीच्या दगडातून वाट काढत आले होते. वाटेत त्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अंगावर घेतले होते. ते विरघळलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पण मी पाणी तापवले की त्यांतला बराच चुना पाण्यातून वेगळा होतो आणि जिथे सर्वांत जास्त गरम असेल तिथे जाऊन चिकटतो. माझ्या पोटात सर्वांत गरम कोण? कॉइल. पहिल्या महिन्यात तिच्यावर पांढरी भुकटी बसली. वर्षभरात कवच झाले. पुढे त्या कवचाचा दगड झाला. कॉइल बिचारी आत लाल व्हायची, पण तिची ऊब दगडातच अडकायची. दहा मिनिटांच्या कामाला मला अर्धा तास लागू लागला. दगडाखाली पाण्याचे बुडबुडे कोंडायचे आणि तडतड फुटायचे.

"गीझरला खोकला झालाय," ताईचा नवरा हसून म्हणायचा.

खोकला नव्हता. मी ओरडत होतो. पण माझी भाषा कोणाला येत होती?

घरात इतर जागीही तेच चालले होते. नळांच्या तोंडाला पांढरी खपली धरली. शॉवरची निम्मी भोके बुजली आणि उरलेल्यांतून पाणी भलतीकडे, थेट डोळ्यांत उडू लागले. पेले कितीही घासले तरी धुरकट. अंग पुसायला घेतलेला टॉवेल हातात उभा राहायचा. "हा टॉवेल आहे की पुठ्ठा?" नवरा विचारायचा. साबणाला फेस नाही, उलट बादलीच्या कडेला करडा, चिकट थर. जो तो वस्तूला नावे ठेवत होता. साबण हलका आलाय, टॉवेल स्वस्तातला निघाला, गीझर म्हातारा झालाय. पाण्याला मात्र कोणी एक शब्द बोलत नव्हते.

खरे हाल ताईचे झाले. शाम्पू दुप्पट ओतला तरी केसांतून तो नीट निघेना. धुतलेले केस वाळले की काथ्यासारखे राठ. रंग एका बटेवर चढे, दुसरीवर नाही. तिने शाम्पू बदलला, रंग बदलला, कंगवेसुद्धा बदलले. एकेक गिऱ्हाईक कमी होऊ लागले.

मग तो दिवस आला. शाळेतल्या बाई निवृत्त होणार होत्या, निरोपाच्या समारंभासाठी केस रंगवायला आल्या. ताईने जीव ओतून काम केले. केस वाळले आणि आरशात दिसले ते पट्टेरी, कुठे काळे, कुठे तांबूस. खोलीत आणखी तिघी बसल्या होत्या. बाई आरशाकडे बघत राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझा हात बिघडला गं. पूर्वीसारखा राहिला नाही."

बाई गेल्यावर ताई बेसिनपाशी आली, नळाखाली दोन्ही हात धरून उभी राहिली आणि कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. मित्रांनो, त्या क्षणी मला जो राग आला तो मी विसरलेलो नाही. तिचा हात बिघडलेला नव्हता. मी वर टांगलेला होतो, मला सगळे दिसत होते. पण गीझरला तोंड नसते.

नवऱ्याला बायकोचे तोंड उतरलेले बघवेना. त्याने फिटरला बोलावले. फिटर आला, माझी जळालेली कॉइल ओढून काढली, नवी घुसवली आणि गेला. पोटातला दगड त्याने बघितलाही नाही. ती नवी कॉइल चार महिन्यांत गेली. मग नवऱ्याने कोणाकडून तरी एक लोहचुंबक आणले आणि पाइपावर पट्टीने बांधले. "यानं पाणी सुधारतं म्हणे," तो म्हणाला. मी वाट पाहिली. दगड वाढतच राहिला. शेवटी मी बटण दाबताच घराचा फ्यूज उडवू लागलो. एकदा, दोनदा, पाच वेळा. लोक म्हणाले बिघाड. कॉइलची फुटलेली नळी पाण्याला विजेचा झटका देत होती, हे खरे आहे. पण मी त्याला संप म्हणतो.

फिटर पुन्हा आला. त्याने माझ्यावर थाप मारली, बद्द आवाज आला. "भंगार आहे हो हे," तो म्हणाला. "उद्या येऊन उतरवतो. नवा घ्या."

"आणि नवा आणून तरी काय करायचंय?" ताई खुर्च्या पुसता पुसता म्हणाली. "मी एक तारखेपासून त्या मोठ्या दुकानात कॅश काउंटरला लागतेय. बोलून आलेय. खुर्च्या काढून टाकू."

नवऱ्याचा चेहरा पडला. "अगं, मला विचारायचंस तरी."

"काय विचारायचं? माझा हात गेला. सगळे म्हणतात."

त्याच संध्याकाळी नवऱ्याची आत्या राहायला आली. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी रोज गरम पाण्याने शेकायला सांगितले होते. ही आत्या एकतीस वर्षे कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणे कापल्यासारखे. ती काठी टेकत बेसिनपाशी आली, हाताला साबण लावला, दोनदा चोळला आणि थांबली.

"पाणी कधी बदललं?" तिने विचारले.

मित्रांनो, सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

ताई गोंधळली. "बोअरचं येतं. पण त्याचं काय, आत्या? साबणच तसला आहे."

"साबण तसला, गीझर तसला, हात तसला! सगळं तसलं आणि पाणी तेवढं साधुसंत? बाटल्या आण तीन. झाकणाच्या. आणि नवऱ्याला म्हणावं, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घेऊन ये."

नवरा पाणी घेऊन आला. आत्याने तीन बाटल्या आरशासमोर मांडल्या. पहिलीत बॅटरीचे पाणी, दुसरीत नुसते नळाचे, तिसरीत चुंबकाखालून आलेले. तिन्हींत सारख्याच मापाचे पाणी आणि अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच कीस. "तूच हलव," ती ताईला म्हणाली. "दहा वेळा. मोजून. सगळ्या बाटल्यांना तुझाच हात लागू दे."

ताईने पहिली बाटली हलवली. फेस गळ्यापर्यंत चढला आणि झाकणाला टेकला. दुसरी हलवली. फेस नाहीच. पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि वर करड्या कण्या तरंगू लागल्या. तिसरी हलवली. दुसरीची सख्खी जुळी बहीण.

"हे चुंबक काढ आणि सुया ठेवायला घे," आत्या भाच्याला म्हणाली. मग ताईकडे वळली. "बघितलंस? क्षार साबणाला धरून बसतात, फेस होऊच देत नाहीत. तीच घाण केसांवर बसते. मग रंग कुठून धरणार? या पाण्याला जड पाणी म्हणतात. प्यायला काही वाईट नाही, कामाला वाईट."

ताई दोन बाटल्या दोन हातांत धरून उभी होती. "म्हणजे माझा हात..."

"तिन्ही बाटल्या एकाच हातानं हलवल्यास ना? मग हात कसा दोषी?"

ताई खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच रडली. आणि रडून झाल्यावर तिने जे केले, ते मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी फिटर मला उतरवायला आला, तेव्हा ती बेसिनपुढे आडवी उभी राहिली. "उतरवायचा नाही. आधी उघडून दाखवा."

"ताई, आत काय असणार? म्हातारा झालाय तो."

"तेच बघायचंय मला."

फिटरने वीज बंद केली, पाणी सोडून दिले आणि माझ्या तळाची चकती खोलली. आणि मग मी सहा वर्षांचे सगळे बाहेर टाकले. पांढरे, पिवळट, बोटाएवढे, मुठीएवढे दगड धडाधड बादलीत पडले. अर्धी बादली भरली. कॉइल बाहेर आली ती ओळखू येईना, एखाद्या जाड मुळासारखी दिसत होती. मॅग्नेशियमची सळई संपली होती, मधली तार तेवढी उरली होती. ती शेवटच्या कणापर्यंत माझ्यासाठी झिजली होती आणि कोणी तिला एकदाही पाहिले नव्हते. आत्याने एका खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. खडा फसफसला. "चुना," ती म्हणाली. "चुन्याचाच दगड."

फिटर मात्र बादलीकडे पाहत नव्हता. त्याच्या हातात सुरक्षा व्हॉल्व्ह होता. त्याने त्याची दांडी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. त्याचा चेहरा उतरला. "हा दगडानं बुजलाय," तो हळूच म्हणाला. "आत दाब वाढला असता तर... आणि खाली ताई केस धुवत उभ्या असतात." त्याने कपाळ पुसले. "मी मागच्या वेळी कॉइल बदलली. हा तपासलाच नाही. चुकलं माझं."

मित्रांनो, म्हणून मी फ्यूज उडवत होतो तेच बरे होते, असे मी आजही म्हणतो.

मला फेकले नाही. फिटरने लाकडी पट्टीने दगड खरवडले, लोखंडी पट्टीने आतला लेप गेला असता. मग आत्याने कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून दिले आणि ते माझ्या पोटात ओतून ठेवले. तासाभराने मला तीन वेळा धुतले. नवी कॉइल, नवी सळई, नवा व्हॉल्व्ह आला. थर्मोस्टॅटचा काटा आत्याने पंचावन्नवर आणला. "उकळत्या पाण्यानं केस धुवायचे आहेत का? जितकं जास्त तापवाल तितका चुना बसेल." शॉवर आणि नळांच्या जाळ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या. मदत करायच्या उत्साहात नवरा ब्लीचची बाटली घेऊन आला, तर आत्याने काठीच उगारली. "आंबट पदार्थ आणि ब्लीच एकत्र? विषारी वायू होतो! ठेव ती जागेवर."

पण आत्याने ताईला हेही सांगितले की हे नुसते धुणे झाले. पाणी तेच राहिले तर दगड पुन्हा येणार. पाणी मऊ करणारे यंत्र बसवायला हवे, आणि खरे तर ते वसाहतीच्या मोठ्या टाकीवरच हवे.

वसाहतीच्या बैठका आमच्याच पुढच्या खोलीत भरायच्या, कारण खुर्च्या आमच्याकडे होत्या. त्या रविवारी सेक्रेटरी दुसरी बोअर मारायचा विषय घेऊन आले. वीसेक माणसे जमली. शाळेतल्या बाईही होत्या. सेक्रेटरी सांगत होते, "आपलं पाणी उत्तम आहे. सगळे पितात, कोणाची तक्रार नाही."

"माझी आहे," ताई म्हणाली.

ती बेसिनपाशी आली, माझ्या खालची बादली उचलली, परत फिरली आणि सेक्रेटरींच्या कागदांशेजारी टेबलावर ती उपडी केली. दगड गडगडले. दोन खाली पडले.

"हे माझ्या गीझरच्या पोटातून निघालं," ताई म्हणाली. "प्रत्येकाच्या घरात हेच चाललंय. मी माझं काम सोडायला निघाले होते या दगडांपायी. बोअर खुशाल मारा. पण टाकीवर पाणी मऊ करायचं यंत्र बसवल्याशिवाय ठरावावर माझी सही मिळणार नाही."

"ताई, एवढं काय त्यात..." सेक्रेटरी हसायला लागले.

"एवढंच आहे," आत्या कोपऱ्यातून म्हणाली. "अर्धी बादली. मोजून घ्या."

मग शाळेतल्या बाई उठल्या. त्यांनी एक दगड उचलला, हातात फिरवला. "मी हिला याच खोलीत चारचौघींत बोलले होते," त्या म्हणाल्या, "म्हणून चारचौघांतच सांगते. हिचा हात बिघडला नव्हता. चूक माझी झाली." त्यांनी आजूबाजूला पाहिले. "आणि माझी सहीसुद्धा मिळणार नाही."

तुम्हाला वाटेल तसा चमत्कार काही झाला नाही हं, मित्रांनो. बैठक "बघू" म्हणून उठली, आणि ते बघणे अजून चालू आहे. दुसरी बोअर झाली नाही, मोठ्या टाकीवर यंत्रही आले नाही. पण त्या आठवड्यात अकरा घरांनी आपापले गीझर उघडवले, आणि बारावे घर गुपचूप सेक्रेटरींचे होते. फिटर आता कोणालाही आधी "फेका" म्हणत नाही, आधी "उघडू" म्हणतो. ताईने दुकानाला नकार कळवला, आणि नव्या गीझरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत स्वतःच्या घरापुरते यंत्र घेतले. त्या यंत्रात बारीक पिवळे मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुतात आणि ते पुन्हा ताजे होतात. प्यायचा नळ आत्याने यंत्राच्या आधीच वेगळा काढून घेतला. "प्यायला जडच पाणी चालेल," ती म्हणाली, "पोटाला फेस नको असतो."

आता दर वर्षी मला एकदा उघडतात, सळई बघतात, व्हॉल्व्हची दांडी ओढून बघतात. मला दया नको. मला एवढेच हवे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू रडतखडत चालू लागली तर तिला लगेच म्हातारी म्हणू नका. आपण तिच्यात काय ओतत आलो, ते आधी विचारा. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली, साबण रुसला, किटलीच्या तळाशी थर दिसला, तर एक बाटली घ्या, साबणाचा कीस टाका आणि हलवून बघा. माणसाला "तुझा हात बिघडला" म्हणण्याआधी तर दहादा हलवून बघा.

एक दिवस माझी टाकी खरोखर गळेल. त्या दिवशी मला खुशाल भंगारात द्या, मी कुरकूर करणार नाही. फक्त कारण खरे सांगा, की याचे वय झाले. पण तो दिवस आज नाही. आज शनिवार आहे, बाहेर चौघी जणी नंबर लावून बसल्या आहेत, आणि माझा लाल दिवा लागला आहे.